एका वर्गाचे अनेक गुरू

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेच्या सभागृहात शिक्षक व पालक ह्यांच्या सभेपुढे केलेले भाषण)



महोत्सव समितीने ‘आपल्या शाळेची पन्नास वर्षे’ ह्या विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली, आणि ती मी शिरसावंद्य मानली. परंतु शाळा कोणी स्थापिली, पहिली इमारत केव्हा उभी राहिली, पहिल्या वर्षी पट किती होता, हा सारा वृत्तांत स्मरणिकेत यथास्थित येणारच आहे, आणि तो लिहिणारे गृहस्थ माझ्याहून अधिक जाणते आहेत. तेव्हा समितीची क्षमा मागून मी विषय थोडा आकुंचित करतो. शाळेत कोण कोण शिकवतात, हे आपण पालक मोठ्या आस्थेने विचारतो. अमुक बाई चांगल्या, तमुक सर कडक, अशी चर्चा चर्चच्या पायऱ्यांवर नित्य होते. परंतु हे जे सात-आठ जण एकाच वर्गाला शिकवतात, ते त्या वर्गाविषयी एकमेकांशी केव्हा बोलतात, हा प्रश्न माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला एकाही पालकाने विचारला नाही. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ वर्षे मीही तो स्वतःला विचारला नव्हता. तो मला ज्या प्रसंगाने विचारावयास लावला, तो प्रथम सांगतो.

मी तेव्हा तरुण होतो आणि एका शाळेत गणित शिकवीत असे. ती शाळा कोणती हे सांगण्याचे कारण नाही. ही नव्हे, इतके पुरे. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. चेहरा शांत, अक्षर वळणदार, पण भूमितीत सर्वस्वी कोरी. बीजगणितात तिला बरे गुण पडत, आणि त्रिकोणाची आकृती समोर येताच ती नुसती पाहत राही. मी तिला दोनदा उभे केले, एकदा वर्गाबाहेर काढले, आणि प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारून आपले कर्तव्य झाले असे मानले. वार्षिक परीक्षेत ती गणितात नापास झाली. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आलीच नाही.

जुलैच्या एका पावसाळी दुपारी आम्ही चार-पाच शिक्षक चहासाठी अडकून पडलो होतो. बोलता बोलता तिचे नाव निघाले. वर्गाध्यापिका बाई म्हणाल्या, ती मंगळवारी आणि शुक्रवारी उशिरा येई. मी तिच्या नावापुढे न चुकता खूण करीत असे. मराठीच्या सरांना आठवले की ‘माझी सकाळ’ ह्या निबंधात तिने धाकट्या भावाचा पाळणा आणि आईची फुलांची टोपली ह्यांविषयी लिहिले होते. निबंध उत्तम होता, दहापैकी आठ गुण दिले होते. शिवणाच्या बाईंना ठाऊक होते की आठवड्यातून दोन दिवस ती तासाला डुलक्या घेते. आणि मंगळवार-शुक्रवारचा पहिला तास भूमितीचा, तो माझा.

चहा संपण्यापूर्वी आम्हांला सारे कळले. आठवड्यातून दोन दिवस पहाटेच्या गाडीने आई फुले आणि भाजी घेऊन मुंबईच्या बाजारास जाई. वडील अंथरुणास खिळलेले. आजी शेजारच्या वाडीतून येईपर्यंत तान्ह्या भावाजवळ बसणे हे ह्या मुलीचे काम. वर्षभरात भूमितीचा नवा पाठ बहुधा ज्या तासाला सुरू होई, त्या तासाला ती वर्गात नव्हती. शिवणाचा तास पहिला आणि भूमितीचा चौथा करणे, हा दहा मिनिटांचा उपाय होता. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता आणि तो प्रत्येकाने आपापल्या वहीत नीट जपून ठेवला होता.

सज्जनहो, त्या शाळेत शिक्षक कमी नव्हते. सरकारी नियमाप्रमाणे होते तितके सर्व होते. आळशी म्हणावा असाही कोणी नव्हता. मग आम्ही सहा जण मिळून एका मुलीला पाहू शकलो नाही, ह्याचे कारण काय? कारण आम्ही सहा जण मिळून काहीच करीत नव्हतो. घंटा झाली की एक बाहेर पडे, दुसरा आत जाई, आणि दाराशी दोघांची गाठ पडे ती ‘खडू आहे का आत?’ एवढे विचारण्यापुरती.

एक शिक्षक, एक खोली आणि बंद दार ही व्यवस्था आपणांस सनातन वाटते. वास्तविक ती तितकी जुनी नाही. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत एकाच ओसरीवर लहानमोठी सारी मुले बसत. कोणी धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवी, कोणी मोडी लिही, कोणी पाढे म्हणे, आणि मोठी मुले लहानांस शिकवीत. युरोपात श्रेणीवार वर्गांची आखणी जेज्वीट संस्थेच्या विद्यालयांत पूर्वीच झाली होती आणि १५९९ साली ‘रातिओ स्तुदिओरूम’ ह्या त्यांच्या अभ्याससंहितेत ती पक्की झाली. परंतु गोरगरिबांच्या प्राथमिक शाळेपर्यंत ती पोचावयास पुष्कळ काळ लागला. अमेरिकेत बॉस्टन नगरात १८४८ च्या सुमारास क्विन्सी ग्रामर स्कूल निघाले. त्यात बारा वर्गखोल्या, प्रत्येक खोलीत पन्नास-पंचावन्न मुले आणि प्रत्येक खोलीस एक स्वतंत्र शिक्षक अशी योजना होती. ती पुढे सर्वत्र अनुकरणीय ठरली. पुढील काळातील अमेरिकी अभ्यासकांनी अशा शाळेस अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली आहे. उपमा चपखल आहे. खोक्यात प्रत्येक अंड्यास स्वतंत्र कप्पा असतो तो अशासाठी, की एकाचा दुसऱ्यास स्पर्श होऊ नये.

ह्या व्यवस्थेने काही हित साधले नाही असे मी म्हणत नाही. गोंगाट कमी झाला, आणि मुलास आपले बाक व आपल्या बाई मिळाल्या. परंतु शिक्षक एकटा पडला. इतर व्यवसायांत नवखा मनुष्य जाणत्याच्या हाताखाली काम करतो. गवंड्याचा मुलगा आधी चुना कालवतो, मग ओळंबा धरतो, मग भिंतीस हात लावतो. शिक्षक मात्र पहिल्याच दिवशी पन्नास मुलांसमोर एकटा उभा राहतो, आणि तीस वर्षे मुरलेल्या शिक्षकाकडून जी अपेक्षा, तीच त्याच्याकडूनही असते. शेजारच्या खोलीतील अनुभवी बाई ती अवघड गोष्ट कशी समजावून देतात, हे पाहण्याची संधी त्याला निवृत्त होईपर्यंत मिळत नाही. मला ती मिळाली नाही.

अनेकांनी मिळून शिकवावे, ही कल्पना आली की लोक म्हणतात, हे पाश्चात्यांचे खूळ आहे. म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री मद्रास येथे एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे प्रमुख झाले. तेथील पगारी शिक्षकांकडून त्यांना हवे तसे काम होईना. एके दिवशी फेरफटका मारीत असता त्यांनी एका देशी शाळेतील मुलांना वाळूत बोटांनी अक्षरे गिरवताना पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणण्याचा निश्चय केला. मोठ्या शिक्षकाने कुरकुर केली, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या सुमारास वय असलेल्या एका मुलाच्या हाती मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. मुलगा यशस्वी झाला. मग मुलांकडून मुलांस शिकवण्याची पद्धत साऱ्या शाळेत सुरू झाली. १७९७ साली बेल ह्यांनी लंडनमध्ये ह्या प्रयोगाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि आपल्या ओसरीवरची रीत ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडभर गाजली. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर ह्यांनी लंडनमध्ये अशीच पद्धत उभारली आणि एक शिक्षक हजार मुलांस शिकवू शकेल असा डौल मिरवला. पुढे हीच पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन आपल्याकडे परत आली. आपला माल आपणच परदेशी म्हणून विकत घ्यावा, ह्यात नवल ते काय!

परंतु ही पद्धत टिकली नाही, आणि ती का टिकली नाही हे समजून घेणे अगत्याचे आहे. तिच्यात माणसे पुष्कळ असली तरी मेळ नव्हता. वरून हुकूम येई, मधल्या पोराने तो खाली पोचवावा आणि खालच्याने पाठ म्हणावा. मोठ्यांनी हिला पसंती दिली ती मुख्यतः खर्च वाचतो म्हणून. इंग्लंडात १८४६ पासून शिकाऊ शिक्षकांची नवी योजना सरकारने सुरू केली आणि हळूहळू ही जुनी रीत मागे पडली. अनेकांनी शिकवावे, ह्या विचाराला स्वस्ताईचा शाप आहे. तो तेव्हापासूनचा आहे, आणि आजही एखाद्या संस्थेत ‘आपण संघाने शिकवू’ असे कोणी म्हटले तर शिक्षकाने आधी विचारावे, की एक पद कमी करण्याचा तर हा मार्ग नव्हे ना?

ह्याच्या अगदी उलट दृष्टी फ्रान्समध्ये शंभर वर्षे आधी एका पुरुषाने धरली होती, आणि ह्या सभागृहात त्यांचे नाव नवे नाही. संत जॉन बॅप्टिस्ट दि ला साल हे रेम्स नगराच्या धनिक कुळातील. गरिबांच्या मुलांसाठी त्यांनी शिक्षकबंधूंची संस्था उभारली. १६९४ साली बारा सहकाऱ्यांसह त्यांनी जे व्रत घेतले, ते मी एकटा शिकवीन असे नव्हते. सर्वांनी मिळून, एकमेकांशी बांधले जाऊन, विनामूल्य शाळा चालवू असे होते. त्यांच्या संस्थेत शिक्षकबंधूस कोठेही एकटे पाठवावयाचे नाही, निदान दोघे असावेत, असा दंडक होता. त्यांच्या शाळांच्या रीतीचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १७२० साली छापले गेले. त्यांच्या रीतीत नव्या शिक्षकास कसे घडवावे ह्याचाही सविस्तर विचार आहे. १९५० साली पोप बारावे पायस ह्यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आपण दरवर्षी त्यांचा सण साजरा करतो, तसबिरीस हार घालतो, आणि त्या दिवशीही प्रत्येक शिक्षक आपापल्या बंद खोलीत एकटाच शिकवतो.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १९५७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात लेक्सिंग्टन गावी फ्रँकलिन स्कूल ह्या प्राथमिक शाळेत हार्वर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने एक प्रयोग आरंभिला गेला. एका खोलीला एक शिक्षक ही चौकट मोडून मोठ्या बालसमूहाची जबाबदारी काही शिक्षकांच्या एका गटावर सोपवण्यात आली. गटात नायक, ज्येष्ठ शिक्षक, शिक्षक आणि साहाय्यक अशा पायऱ्या होत्या. नायकाच्या जास्तीच्या जबाबदारीस जास्तीचे वेतनही होते. एखादी गोष्ट सर्वांना एकदाच सांगावयाची असेल तर सारी मुले एकत्र बसत. सराव करावयाचा असेल तर लहान लहान तुकड्या पडत. आणि कोणते मूल कोणत्या तुकडीत बसेल, हे शिक्षक आपसांत बसून ठरवीत. पुढील दहा वर्षांत ह्या पद्धतीचा अमेरिकेत फार बोलबाला झाला. भिंती नसलेल्या शाळा बांधल्या गेल्या. आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांतील पुष्कळ शाळांत कपाटे, फळे आणि पडदे आडवे लावून शिक्षकांनी आपापल्या खोल्या परत करून घेतल्या.

हे असे का झाले? माझ्या मते कारण भिंतीत नव्हते, घड्याळात होते. भिंत पाडावयास एक दिवस लागतो. परंतु चार शिक्षकांनी मिळून उद्याचा पाठ आखावयाचा म्हणजे रोज काही वेळ चौघांनाही एकदम मोकळीक हवी, आणि ती बहुतेक ठिकाणी कोणी दिली नाही. शिवाय जो मनुष्य बारा वर्षे एकटा शिकवीत आला, त्याला दुसऱ्याच्या देखत शिकवणे हे कपडे उतरवून उभे राहण्यासारखे वाटते. ही भीड वर्षभर धीराने मोडावी लागते.

तरीही कल्पना मेली नाही. गरजेने ती पुन्हा वर आणली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना संस्थानात शिक्षक मिळेनासे झाले, आणि मिळालेले टिकेनासे झाले. तेव्हा तेथील राज्य विद्यापीठाच्या अध्यापक विद्यालयाने मेसा नगरातील शाळांच्या साहाय्याने असा विचार केला, की प्रत्येक शिक्षक सर्वगुणसंपन्न असावा ही अपेक्षाच चुकीची असेल काय? मेसातील वेस्टवुड हायस्कूलचे २०२२ साली वृत्तपत्रांतून वर्णन आले होते. नववीची १३५ मुले, चार शिक्षक आणि एक प्रशस्त दालन. त्या चौघांपैकी एक अद्याप शिकाऊ. जाणता गणितशिक्षक पन्नासेक मुलांच्या घोळक्यात भूमिती समजावतो आहे, विज्ञानाचा शिक्षक गृहपाठ तपासतो आहे, इंग्रजीचा शिक्षक पुढे उभा राहून साऱ्यांस कामाला लावतो आहे, आणि शिकाऊ तरुण इतिहासाच्या पाठात कोणाला मदत हवी ते पाहत फिरतो आहे. हिशेब मांडला तर प्रत्येकी चौतीस मुले पडतात. म्हणजे माणसे आपल्याहून फार जास्त नाहीत. परंतु शिकाऊ मनुष्य तेथे एकटा नाही. एक जण आजारी पडला तर वर्ग उघडा पडत नाही. तिघे आहेत आणि तिघांनाही मुले नावानिशी ठाऊक आहेत. १३५ मुलांचे दालन आपल्याकडे चालेल असे मात्र मला वाटत नाही. आपल्या पावसाळ्यात पत्र्याखाली चाळीस मुलांचाच आवाज पुरेसा होतो.

ह्याहून आपल्याला जवळचा वाटावा असा दाखला जपानचा आहे, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. तेथील प्राथमिक शाळांत वर्ग आपल्यासारखेच असतात, वर्गाध्यापक असतो, भिंतीही असतात. परंतु शिक्षकांची एक मोठी सामाईक खोली असते, तिला ‘शोकुइन-शित्सु’ म्हणतात. तीत प्रत्येक शिक्षकाचे स्वतःचे मेज असते आणि सामान्यतः एकाच इयत्तेच्या शिक्षकांची मेजे एकमेकांस लागून मांडलेली असतात. म्हणजे चौथीच्या तीन तुकड्यांचे तिघे शिक्षक रोज समोरासमोर बसतात. दुसरी त्यांची रीत ‘जुग्यो केंक्यू’ ही. काही शिक्षक मिळून एक पाठ बारकाईने आखतात. त्यांतील एक जण तो वर्गात शिकवतो. बाकीचे मागे व कडेला उभे राहून मुलांकडे पाहतात. शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे. कोणते मूल कोठे अडले, कोणी काय लिहून खोडले, ते टिपतात. मग सारे बसून पाठाची चिकित्सा करतात. पाठ सर्वांचा असल्यामुळे टीका एकट्याच्या अंगावर येत नाही. आमच्या त्या पावसाळी चहाला जे दैवयोगाने घडले, ते तेथे नेमाने घडते.

आपल्याकडील स्थिती काय आहे? कायद्याने आपण पुष्कळ पुढे आलो आहोत हे मान्य केलेच पाहिजे. एकशिक्षकी शाळांचा एकेकाळी सुळसुळाट होता. १९८७ साली ‘खडू-फळा मोहीम’ सुरू झाली, तिच्यात प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन शिक्षक असावेत हे ध्येय ठेवले गेले. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात ते आकड्यांनी बांधले गेले: पहिली ते पाचवीस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, सहावी ते आठवीस पस्तीस मुलांमागे एक, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा ह्यांना प्रत्येकी निदान एक. ह्या आधारावर दरवर्षी शाळेची संचमान्यता होते. मुख्याध्यापकाच्या आयुष्यात ह्या शब्दाइतका धाक दुसऱ्या कशाचा नसतो. पट दोनने उतरला की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याच्या समायोजनाचा कागद येतो. मी त्या खुर्चीवर अकरा वर्षे काढली आहेत. पट मोजताना मुलांचे चेहरे दिसेनासे होतात हे मी स्वानुभवाने सांगतो.

संचमान्यता डोकी मोजते. मेळ मोजण्याची तिच्यात सोय नाही, आणि सरकारी कागदाकडून ती अपेक्षा करणेही व्यर्थ. परंतु त्याच परिशिष्टात एक ओळ आहे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. शिक्षकाने आठवड्यास किमान ४५ तास काम करावे असे तेथे म्हटले आहे, आणि पुढे म्हटले आहे की त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. तयारी एकट्यानेच करावी असे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही. ह्या ४५ पैकी एक तास मला हवा आहे. त्याविषयी शेवटी बोलतो.

शाळाशाळांमधील मेळाचीही गोष्ट जुनीच आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शेजारच्या शाळांनी एकत्र येऊन शाळासमूह करावेत असे सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेच मान्य केले की ती सूचना अमलात आली नाही, आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातील शाळांनी एका माध्यमिक शाळेभोवती समूह करावा, असे पुन्हा सांगितले. संगीताचा, चित्रकलेचा, खेळाचा, विशेष गरजा असलेल्या मुलांचा शिक्षक एका लहान शाळेस परवडत नाही, तो समूहास परवडतो, हा त्यामागचा हिशेब. आपल्या भागातील जिल्हा परिषदेच्या शाळांत केंद्रनिहाय शिक्षण परिषदा होतात. काही ठिकाणी त्या खरोखर रंगतात, काही ठिकाणी परिपत्रके वाचण्यात संपतात.

आता आक्षेप. पहिला असा, की हा बारभाईंचा कारभार होईल. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच वर्गाध्यापक हे पद नाहीसे करावे असे मी म्हणत नाही. माझ्या मुलाच्या बाई कोण, ह्या प्रश्नाला पालकांस एकच उत्तर मिळाले पाहिजे. फक्त त्या बाईंना बाकीच्या पाच जणांना जे ठाऊक आहे ते ठाऊक असले पाहिजे. आपल्या शेतकऱ्यांना हे समजावून सांगावे लागू नये. लावणीच्या दिवसांत आपण सावड करतो. आज तुमच्या खाचरात सारे, उद्या माझ्या. म्हणून खाचर कोणाचे ह्याविषयी कधी घोटाळा झाला आहे काय?

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खासगीत बोलला जातो. एकत्र बसणे म्हणजे नवे कागद, नवी वही, नवा अहवाल. ह्या भीतीला माझ्याजवळ उत्तर नाही, कारण ती अनुभवातून आलेली आहे. मी इतकेच म्हणेन, की त्या तासाचा अहवाल कोणी मागू नये, मुख्याध्यापकांनीही नाही. तिसरी अडचण शब्दाची. ‘शिक्षकसंघ’ म्हटले की संस्थाचालकांच्या कपाळावर आठी पडते, म्हणून मी आपला ‘मेळ’ हाच शब्द वापरतो आहे.

महोत्सव निधीतून दोन नव्या वर्गखोल्या बांधण्याचा समितीचा संकल्प आहे. तो स्तुत्य आहे. पावसात व्हरांड्यात बसणाऱ्या मुलांना छप्पर हवेच. माझी विनंती दोन गोष्टींची. पहिली, ह्या दोन खोल्या एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांना द्याव्यात आणि मधल्या भिंतीत दार ठेवावे. रुंद ठेवावे, आणि त्याची कडी नव्या शिक्षकाच्या बाजूस असावी. बोलावण्याचा अधिकार त्याचा असू द्या.

दुसरी विनंती तो तास. पाचवी, सहावी आणि सातवी ह्या तीन इयत्तांपुरताच आरंभ करावा. आठवड्यातून एक तास असा असावा, की त्या इयत्तेस शिकवणारे सर्व शिक्षक एकदम मोकळे असतील आणि शिक्षकखोलीत बसतील. पहिल्या वीस मिनिटांत केवळ मुलांची नावे घ्यावीत, एकेक मूल, आणि ज्याला जे दिसले ते त्याने सांगावे. उरलेल्या वेळात पुढच्या आठवड्यातील एकच पाठ मिळून आखावा. एकच. हे वेळापत्रकात बसते. गेल्या महिन्यात मुख्याध्यापिका बाईंनी मला वेळापत्रक दाखवले तेव्हा मी पेन्सिलीने ते बसवून पाहिले आहे. पाचवीस मंगळवारचा सहावा तास जमतो, सहावीस बुधवारचा. सातवीचा तेवढा अडतो, कारण त्या तासाला मुलांजवळ बसावयास कोणी उरत नाही. शारीरिक शिक्षणाचे सर एका तुकडीस मैदानावर नेऊ शकतील. दुसरी तुकडी राहते.

त्या तुकडीजवळ मी बसेन. गुरुवार, सहावा तास. माझे घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे, गुडघे अद्याप चालतात आणि गोष्टी पुष्कळ येतात. हवी तर भूमितीही शिकवीन.